साडेचार हजार, होईल थोडं कमी-जास्त

मार्च उजाडला की भुसावळ-जळगावकडे घरोघरी एकच काम निघतं. कूलर खाली काढायचा, टाकी घासायची, गवत बदलायचं. गेल्या वर्षी आमच्या जुन्या कूलरची टाकी इतकी गळायला लागली की दुरुस्तीवाल्यानेच हात टेकले. नवा घ्यायचं मनात नव्हतं, म्हणून वापरलेला शोधायला लागले. भुसावळला रेल्वे क्वार्टरमधल्या एका कुटुंबाची बदली झाली होती आणि ते सामान काढत होते. काकू फोनवर म्हणाल्या, "साडेचार हजार सांगितलेत. तुम्ही या तर खरं, होईल थोडं कमी-जास्त."

थोडं म्हणजे किती? दोनशे की दीड हजार? जळगाव ते भुसावळ बसमध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ यावरच बोलत गेलो. तो म्हणे, सरळ दोन हजार म्हण, पुढचं पुढे. मला ते जिवावर आलं. घरात शिरायच्या आधीच माणसाला दुखवायचं कशाला?

माझ्या ओळखीतली निम्मी माणसं भाव करायला लाजतात आणि उरलेली भाव करता करता समोरच्याचा अपमान करतात. दोघांचंही नुकसान होतं. सांगितलेली किंमत कशी ठरते, तिच्यामागे काय असतं, हे समजलं तर लाजायचंही कारण उरत नाही आणि तोडून बोलायचंही.

नव्या मालावर छापील किंमत असते. तिच्यापेक्षा जास्त घेतले तर तक्रार करता येते. वापरलेल्या कूलरवर काहीच छापलेलं नसतं. त्याची किंमत दोन माणसांच्या मनात असते आणि दोघांच्या मनात वेगवेगळी असते. विकणाऱ्याच्या मनात एक तळ असतो, ज्याच्या खाली तो वस्तू देणार नाही. घेणाऱ्याच्या मनात एक हद्द असते, जिच्या वर तो जाणार नाही. हे दोन्ही आकडे कुणी बोलून दाखवत नाही. बोलून दाखवतात तो तिसराच आकडा, साडेचार हजार.

तळ ठरतो तो "नाही विकलं तर काय?" या प्रश्नावर. काकूंचा ट्रक पंधरा तारखेला निघणार होता. कूलर सोबत न्यायचा तर ट्रकमधली जागा अडणार, आणि जिथे जायचं तिथे त्याची गरज असेलच असं नाही. इथेच सोडायचा तर भंगारवाला पत्र्याच्या वजनाने घेणार. समजा, हे सगळं धरून त्यांचा तळ तीन हजारांचा असेल. माझी हद्दही तशीच ठरली. तसाच नवा कूलर दुकानात मला सात हजारांना सांगितला होता. वापरलेल्याला हमी नाही, गवत बदलायचं, पंपाचा भरवसा नाही, भुसावळहून आणायचं भाडं वेगळं. हे सगळं वजा करून मी चार हजारांवर थांबायचं ठरवलं.

तळ तीन हजार आणि हद्द चार हजार, म्हणजे मध्ये हजार रुपयांची जागा आहे. या जागेतल्या कुठल्याही आकड्याला सौदा झाला तरी दोघांचा फायदाच आहे. त्यांना भंगारापेक्षा जास्त मिळतात, मला नव्यापेक्षा स्वस्त पडतं. आणि सांगितलेले साडेचार हजार या जागेच्या बाहेरच आहेत. म्हणून सांगितलेली किंमत आपल्या ऐपतीच्या थोडी वर दिसली की जाहिरात सोडून देऊ नये. उलटही खरं आहे. माझी हद्द अडीच हजारांचीच असती, तर कितीही गोड बोलून सौदा झाला नसता, कारण मध्ये जागाच नाही. तेव्हा चहाला थँक्यू म्हणून उठावं. दोन तास हुज्जत घातल्याने जागा तयार होत नाही.

मग तो तिसरा आकडा सांगायचाच कशाला? कारण पहिल्यांदा कानावर पडलेला आकडा डोक्यात खुंटीसारखा बसतो. अमोस ट्वेर्स्की आणि डॅनियल काह्नेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली याचा एक प्रयोग मांडला. लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवलं. ते मुद्दाम असं केलेलं होतं की १० किंवा ६५ वरच थांबावं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांतल्या देशांपैकी शेकडा किती देश आफ्रिकेतले? चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचाही संबंध नव्हता. तरी १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५ आला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. नुसत्या चक्राने एवढा फरक पडत असेल, तर समोर कूलर ठेवून माणूस "साडेचार हजार" म्हणतो तेव्हा काय होत असेल? आपण तीन हजार म्हणायला आलेलो असतो आणि तोंडातून साडेतीन निघतं.

यावर उपाय एकच आहे. जायच्या आधी आपली हद्द कागदावर लिहावी. मी बसच्या तिकिटामागे लिहिली होती. तिथे पोचल्यावर ठरवायचं म्हटलं की ती खुंटी आपल्याला ओढतेच.

आमच्याकडच्या गुरांच्या बाजारांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. माझे आजोबा बैल घ्यायला सावद्याच्या बाजाराला जायचे. त्यांनी सांगितलेलं मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. दोघं माणसं समोरासमोर उभी, हातावर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकलेला, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव चाललेला. इतकी बोटं दाबली की इतके. तोंडाने पावसापाण्याच्या गप्पा, आणि खाली हात मागे ओढला की समजायचं, पटलं नाही. भोवती दहा माणसं उभी असली तरी आकडा एकालाही कळायचा नाही. लहानपणी मला ती गंमत वाटायची. आता वाटतं, ती फार शहाणी रीत होती. आकडा मोठ्याने बोलला गेला असता, तर तोच शेजारच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात खुंटी होऊन बसला असता आणि त्या बैलाचा दिवसभराचा भाव ठरून गेला असता. पडता भाव रुमालाखाली राहिला की विकणाऱ्याची पतही राहते.

याच्या उलट सारंगखेड्याला. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, आणि दरवर्षी एखाद्या घोड्याच्या मोठ्या किमतीची चर्चा होते. "इतक्याला मागितला, पण मालकाने दिला नाही." अशी किंमत कित्येकदा विकण्यासाठी सांगितलेलीच नसते. ती त्या घोड्याची आणि मालकाची शान असते. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींतही अशा किमती दिसतात. महिनोन्‌महिने तोच आकडा, तोच फोटो. तिथे भाव करून उपयोग नाही, कारण माणसाला मनातून ती वस्तू विकायचीच नाही.

आणि हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्या हातातली वस्तू आपल्याला बाजारापेक्षा मौल्यवान वाटते. काह्नेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली छापलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले, काहींना दिले नाहीत. मग त्यांनाच आपसांत खरेदी-विक्री करायला लावली. मगवाल्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. हातात येऊन थोडा वेळ झालेल्या मगाचं हे असं, तर लग्नात आलेल्या शिलाई मशीनचं काय? माझ्या आईने तिचं मशीन विकायला काढलं तेव्हा आलेल्या पहिल्या बाईने आठशे म्हटलं. आई दिवसभर गप्प होती. त्या बाईने चुकीचं काही सांगितलं नव्हतं. बाजारात तसल्या मशीनला तेवढेच मिळत होते. पण आईच्या हिशेबात त्या मशीनवर आमच्या फिया भरल्या गेल्या होत्या, आणि ते पैसे घेणाऱ्याने का मोजावेत? मला तेव्हा दोन्ही बाजू एकदम दिसल्या. म्हणून घेणाऱ्याला माझं कळकळीचं सांगणं आहे. कमी सांगा, पण वस्तूला नावं ठेवू नका. "याला कोण विचारतं आता" या एका वाक्याने तळ खाली येत नाही, दार बंद होतं.

आता काकूंच्या अंगणात या. कूलर निळ्या पत्र्याचा, चाकाच्या स्टँडवर ठेवलेला. काकूंनी बटण दाबून दाखवलं, पंखा घरघरत सुरू झाला. इथे बरेच लोक मान डोलावतात आणि भावाला बसतात. माझ्या भावाने मात्र आधी दोन बादल्या पाणी मागितलं. टाकी भरल्यावर दहा मिनिटं आम्ही नुसते उभे राहिलो. मागच्या डाव्या कोपऱ्यात, पाय जोडलेला असतो तिथे, एक थेंब जमला, फुगला आणि खाली पडला. मग दुसरा. बोटाने चाचपलं तर गंजाचा पापुद्रा निघाला. पंप सुरू केला तर दोन बाजूंचं गवत भिजलं, तिसरी बाजू कोरडीच. म्हणजे नळी तुंबलेली किंवा पंपात जोर नाही. पंख्याचं पातं बंद करून हाताने हलवलं, तिथे खेळ नव्हता. मोटर चांगली होती.

खरा भाव इथून सुरू होतो. मी म्हटलं, "काकू, मोटर छान आहे, बॉडीही जाड पत्र्याची आहे. पण टाकीचा कोपरा गळतोय, तो डांबर लावून किंवा वेल्डिंगने नीट करावा लागेल. पंप नवा लागेल, गवतही तिन्ही बाजूंचं. मला यावर आठ-नऊशे रुपये खर्च आहे. मी तीन हजार देऊ शकते." काकूंनी स्वतः वाकून तो थेंब पाहिला. आतून काका म्हणाले, "चार हजार करा." मग अडतीसशे. मग सदतीसशे. सौदा पस्तीसशेवर झाला आणि स्टँड त्यातच आलं.

यातल्या दोन गोष्टी बारकाईने बघा. एक, उतरण्याची पावलं. साडेचारवरून चार हे पाचशेचं पाऊल, मग दोनशेचं, मग शंभराचं. पावलं लहान व्हायला लागली की समजावं, तळ जवळ आला. तिथे अजून ताणू नये. शेवटचे दोनशे मी वर गेले म्हणून काकांनी खाली येणं मान्य केलं. दोन, मधला आकडा. लोक शेवटी "ना तुमचं ना आमचं" म्हणत मध्यावर येतात. साडेचार आणि तीनचा मध्य पावणेचार. मी भावाचं ऐकून दोन हजार म्हटलं असतं तर मध्य सव्वातीन आला असता, पण काकांनी बोलणंच थांबवलं असतं असं मला अजूनही वाटतं. पहिला आकडा खाली सांगावा, पण कारण सांगता येईल इतकाच खाली. कारण असलं की तो आकडा आपला हट्ट वाटत नाही, कूलरचा हिशेब वाटतो.

दोष विकणाऱ्याने आधीच सांगितला तर त्याचं नुकसान होतं, असं बहुतेकांना वाटतं. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन नेमकं उलटं दाखवलं, आणि पुढे २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं साध्या शब्दांत असं. गाडी चांगली की खराब हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा भीतीपोटी सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. त्या भावाला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो. मागे खराब गाड्याच उरतात, मग भाव अजून पडतो. लपवाछपवीची किंमत अशी प्रामाणिक माणसाला मोजावी लागते. "कोपऱ्यातून गळतो, बाकी उत्तम" असं लिहिणारा माणूस मला फोनवरच विश्वासाचा वाटतो, आणि त्याच्या बाकीच्या बोलण्यावर मी पैसे मोजायला तयार होते.

गाडीच्या बाबतीत कागद म्हणजेच किंमत. आमच्याकडे एमएच १८ धुळ्याची, १९ जळगावची, ३९ नंदुरबारची. शेजारीच गुजरात आणि मध्य प्रदेश, त्यामुळे सुरत किंवा बऱ्हाणपूर पासिंगची मोटारसायकल पाच-सात हजारांनी स्वस्त सांगितली जाते आणि माणूस भुलतो. पण ती नावावर करायला तिकडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, इथला कर भरावा लागतो, नंबर बदलावा लागतो. हा खर्च आणि हेलपाटे सांगितलेल्या किमतीत मिळवूनच भाव करायचा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याचं बँकेचं पत्र आधी, पैसे नंतर. नोंदणीची पंधरा वर्षं संपत आली असतील तर नूतनीकरणाचाही खर्च धरावा.

विकणाऱ्याने तर इथे जास्त जागं राहावं. गाडी विकल्याची सूचना आणि नाव बदलायचा अर्ज, म्हणजे फॉर्म २९ आणि ३०, यांवर सह्या करून हातात दिले म्हणजे काम झालं असं नाही. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलायचा अर्ज करायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं की नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. उद्या त्या गाडीने अपघात झाला तर भरपाईचा दावा तुमच्या नावावर येतो. "नाव नंतर करतो, हजार कमी करा" म्हणणाऱ्याला मी हजार वाढवून मिळत असले तरी गाडी देणार नाही.

मोबाइल घेताना स्टार, हॅश, शून्य सहा, हॅश दाबून येणारा पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, बघावा. "केवायएम", एक जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवला की फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. चोरीचा माल कितीही स्वस्त मिळाला तरी आपला होत नाही. ज्याची मालकीच नाही तो ती आपल्याला देणार कुठून?

आता "लास्ट किती?" या प्रश्नाविषयी. वस्तू न बघता मेसेजवर हा प्रश्न टाकणं म्हणजे समोरच्याला त्याचा तळ फुकट मागणं. विकणारा खरं सांगत नाही, आणि सांगितलंच तर प्रत्यक्ष भेटल्यावर घेणारा त्याच्याही खाली बोलतो. म्हणून जाणती माणसं "बसल्यावर बघू" एवढंच म्हणतात. यावर एक गाजलेला खटलाही आहे. १८९३ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश वसाहतींच्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे, जमैकातल्या एका मिळकतीचा वाद आला. एकाने तार केली, विकणार का, कमीत कमी किंमत कळवा. उत्तर आलं, कमीत कमी ९०० पौंड. पहिल्याने लगेच कळवलं, आम्हाला मान्य, घेतली. कौन्सिलने म्हटलं, करार झालाच नाही. कमीत कमी किंमत सांगणं म्हणजे विकायचा प्रस्ताव देणं नव्हे. जाहिरातीतल्या किमतीचंही तसंच आहे, ती बोलणीला या म्हणून दिलेलं आमंत्रण असते. पण एकाने ठाम आकड्याला देतो म्हटलं आणि दुसऱ्याने घेतो म्हटलं की तोंडी करारही करारच. त्यानंतर "दुसरा पाचशे जास्त देतोय" म्हणणं मला अजिबात पटत नाही.

तुम्ही विकायला बसलात तर तळ आधी ठरवा, आणि त्याच्यावर थोडीच जागा ठेवा. पस्तीसशे हवेत तर चार-सव्वाचार सांगणं रास्त. सहा हजार सांगून ठेवले तर चांगलं गिऱ्हाईक फोनच करत नाही. हंगामही बघा. कूलर होळीच्या आसपास काढला तर भाव येतो, जूनमध्ये दोन सरी पडल्या की तोच कूलर अंगणात पडून राहतो. घासाघीस जमत नसेल तर सरळ "एकच भाव" लिहा आणि त्यावर ठाम राहा. तसं लिहून पुन्हा कमी करणाऱ्यामुळे खरोखर एकच भाव सांगणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

पैसे देताघेताना एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. माझ्या मावशीने सोफा विकायला काढला तेव्हा एका माणसाने एक रुपयाही कमी न करता होकार दिला, वस्तू बघायचीही नाही म्हणाला, आणि "विसार पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असं सांगितलं. ती पिन टाकणार एवढ्यात तिच्या मुलाने फोन काढून घेतला. होईल थोडं कमी-जास्त म्हणून जाहिरात दिली असताना समोरचा काहीच कमी मागत नाही, इथेच संशय यायला हवा होता.

भुसावळला आम्ही पाचशे विसार दिला, कारण टेम्पो दुसऱ्या दिवशी येणार होता. काकूंनी वहीचं पान फाडलं आणि त्यावर लिहिलं: निळा कूलर, स्टँडसह, ठरले ३,५००, मिळाले ५००, बाकी ३,००० उचलताना. टाकी मागच्या डाव्या कोपऱ्यात गळते, दाखवून दिलं आहे. खाली तारीख आणि दोघींच्या सह्या. तो कागद अजून कूलरच्या मागच्या जाळीत खोचलेला आहे.